दहा नंबरचा झिको

आर्थर आंतुनिस कोइंब्रा ऊर्फ झिको हा ब्राझीलचा आक्रमक मध्यरक्षक. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूंमध्ये त्याची गणना होते. रिओ दी जानेरोच्या फ्लामेंगो क्लबसाठी त्याने पाचशेहून अधिक गोल केले आणि ब्राझीलकडून ७१ अधिकृत सामन्यांत ४८. तीन विश्वचषकांत तो खेळला, पण एकदाही चषक त्याच्या हाती आला नाही. पेले, मॅराडोना यांच्या पंक्तीत त्याला बसवावे की नाही, हा वाद याच एका गोष्टीवर येऊन अडतो. मात्र त्या तीन स्पर्धांत मिळून ब्राझीलने १७ सामने खेळले आणि खेळाच्या वेळेत हार पत्करली ती फक्त एकदा, हे वाद घालताना सहसा कोणी लक्षात घेत नाही.

त्याचे मोठेपण कळण्यासाठी आधी त्याची मैदानावरची जागा समजून घ्यायला हवी. प्रतिस्पर्ध्याची मधली फळी आणि बचावफळी यांच्यामध्ये एक अरुंद पट्टा असतो. आक्रमक मध्यरक्षक तिथे वावरतो. मधल्या फळीने त्याच्याकडे वळावे तर तिची पुढची बाजू मोकळी पडते, बचावपटूने पुढे यावे तर त्याच्या पाठीमागे वाट तयार होते. या पेचाचा फायदा घेण्यासाठी चेंडू पायाशी येण्याआधीच आजूबाजूला कोण कुठे आहे हे डोक्यात पक्के असावे लागते. ब्राझीलमध्ये या जागेवर साधारण दोन जातीचे खेळाडू होत: एक चाली रचणारा, दुसरा चालीच्या शेवटी गोलपर्यंत पोहोचणारा. झिको दोन्ही कामे करी. तीस मीटरवरून आघाडीच्या खेळाडूच्या धावेत अचूक पास टाकायचा आणि पुढच्याच हल्ल्यात स्वतः गोलसमोर हजर व्हायचे, असा त्याचा खेळ होता. मध्यरक्षक असूनही त्याच्या नावावरचे गोल बहुतेक आघाडीवीरांपेक्षा जास्त आहेत ते यामुळेच.

झिकोचा जन्म ३ मार्च १९५३ रोजी रिओच्या उत्तर भागातल्या किंतीनो या साध्या, कष्टकरी वस्तीच्या उपनगरात झाला. वडील जोझे हे पोर्तुगालहून आलेले, व्यवसायाने शिंपी आणि हौशी गोलरक्षक. सहा भावंडांत आर्थर सर्वांत धाकटा. घरात त्याला लाडाने आर्थरझिन्यो म्हणत, त्याचे आर्थरझिको आणि शेवटी नुसते झिको झाले. पुढे एका रेडिओ समालोचकाने त्याला ‘किंतीनोचा कोंबडा’ हे नाव दिले आणि रिओत तेही कायमचे रुजले. फुटबॉल घरातच होता. थोरला भाऊ आंतुनिस व्यावसायिक खेळाडू होता आणि एडू तर रिओच्या अमेरिका क्लबचा नावाजलेला आघाडीवीर. राष्ट्रीय संघाकडूनही खेळलेल्या एडूला १९७० च्या विश्वचषक संघात मात्र जागा मिळाली नाही.

झिको गल्लीत आणि फुटसालच्या लहान कोर्टवर घडला. फुटसालचा चेंडू जड, कमी उसळणारा आणि जागा तोकडी. त्यामुळे पहिल्या स्पर्शातच चेंडू काबूत घ्यावा लागतो आणि विचार करायला वेळ मिळत नाही. १९६७ मध्ये अशाच एका सामन्यात त्याने केलेली गोलांची बरसात रेडिओ समालोचक सेल्सो गार्सिया यांनी पाहिली आणि ते त्याला फ्लामेंगोत घेऊन गेले. भावाच्या ओळखीने तो अमेरिका क्लबमध्ये जाण्याच्या बेतात होता. पण आंतुनिस कुटुंब पिढीजात फ्लामेंगोचे चाहते, तेव्हा निर्णयाला वेळ लागला नसावा.

अडचण होती ती शरीराची. चौदा वर्षांचा झिको वयाच्या मानाने फारच बुटका आणि हडकुळा होता. क्लबने त्याच्यासाठी खास कार्यक्रम आखला: वैद्यकीय देखरेख, ठरवून दिलेला आहार, वजने उचलण्याचा व्यायाम आणि या सगळ्याबरोबर नेहमीचा सराव. उत्तरेकडच्या किंतीनोहून दक्षिणेला गावेआ भागातल्या क्लबपर्यंत शहर ओलांडून रोज जा-ये करावी लागे. त्यात शाळाही होती. काही वर्षांत त्याने उंची आणि ताकद दोन्ही कमावली. ब्राझीलच्या फुटबॉलमध्ये उपजत प्रतिभेच्या कथा फार आवडीने सांगितल्या जातात. झिकोच्या बाबतीत प्रतिभा होतीच, पण तिला पेलणारे शरीर व्यायामशाळेत तयार करावे लागले.

जुलै १९७१ मध्ये वास्को द गामा या शहरातल्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो फ्लामेंगोच्या मुख्य संघाकडून पहिल्यांदा उतरला. पुढच्याच वर्षी मोठा धक्का बसला. म्युनिक ऑलिंपिकमध्ये तेव्हा हौशी खेळाडूच चालत. त्यासाठी झिकोने व्यावसायिक करार लांबणीवर टाकला होता आणि पात्रता फेरीतही तो खेळला होता. तरीही अंतिम संघातून त्याचे नाव गळले. तो इतका खचला की फुटबॉल सोडायच्या गोष्टी करू लागला, भावांनी त्याची समजूत घातली. कुटुंबाला कारण वेगळेच वाटे. दुसरा भाऊ नांदो हाही खेळाडू होता, शिवाय सरकारी साक्षरता मोहिमेत शिकवणारा. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतल्यावर ती मोहीम गुंडाळली गेली आणि नांदो संशयितांच्या यादीत आला. त्याला अटकही झाली. आधी एडू, मग झिको, असे दोघे भाऊ राष्ट्रीय संघाबाहेर राहिले यामागे हेच असावे, असे घरच्यांचे म्हणणे होते. लष्करी राजवट संपल्यानंतर पुष्कळ वर्षांनी ब्राझीलच्या सरकारी आयोगाने नांदोचा छळ झाल्याचे अधिकृतपणे मान्य केले.

१९७४ पासून झिकोची फ्लामेंगोतली जागा पक्की झाली आणि दहा नंबरची जर्सी त्याची झाली. त्याच वर्षी क्लबने रिओ राज्याची स्पर्धा जिंकली, पुढेही ती अनेकदा जिंकली. मराकाना या प्रचंड मैदानावर त्याने एकूण ३३३ गोल केले. त्या मैदानावर इतके गोल दुसऱ्या कोणाचेही नाहीत.

यांतले बरेच गोल थेट फ्री किकवरचे. फ्री किक घेताना बचावपटूंची भिंत चेंडूपासून ९.१५ मीटरवर उभी असते आणि गोलच्या आडव्या दांडीची उंची असते २.४४ मीटर. म्हणजे चेंडू उंच उभ्या माणसांच्या डोक्यावरून जायला हवा आणि लगेच खाली उतरून दांडीखाली शिरायलाही हवा. जोराने सरळ मारलेला चेंडू हे करू शकत नाही. त्याला फिरकी द्यावी लागते. फिरत्या चेंडूच्या एका बाजूची हवा दुसऱ्या बाजूपेक्षा वेगळ्या दिशेने वळवली जाते आणि चेंडू मार्ग बदलतो. झिको उजव्या पायाच्या आतल्या कडेने, थोडक्या पावलांच्या धावेनंतर चेंडू उचलून मारी. भिंत ओलांडेपर्यंत तो बाहेर जाईल असे वाटे आणि शेवटच्या टप्प्यात तो वळून खाली येई. संघाचा सराव संपला की झिको मैदानावरच थांबे. गोलखांब आणि आडवी दांडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यात एक शर्ट टांगायचा आणि चेंडूमागून चेंडू मारत तो शर्ट हलवायचा, हा त्याचा शिरस्ता. गोलरक्षकाचा हात सगळ्यात उशिरा पोहोचतो तो कोपरा तोच.

१९७८ मध्ये अर्जेंटिनात तो पहिला विश्वचषक खेळला. स्वीडनविरुद्धच्या सलामीच्या लढतीत १-१ अशी बरोबरी होती. शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला, चेंडू हवेत उडाला आणि झिकोने डोक्याने तो जाळ्यात धाडला. वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी मात्र चेंडू हवेत असतानाच सामना संपल्याची शिटी वाजवली होती. गोल नामंजूर. नियमाच्या दृष्टीने पंचाला तसा अधिकार असतो, पण हा निर्णय अजूनही फुटबॉलमधल्या नवलांत गणला जातो. पुढे दुखापतीने आणि प्रशिक्षकाच्या पसंतीक्रमाने झिको बराच काळ राखीव बाकावर राहिला. त्या स्पर्धेत ब्राझील एकही सामना हरला नाही. अर्जेंटिनाने पेरूला ६-० असे हरवून गोलफरकाने अंतिम फेरी गाठली आणि ब्राझीलला तिसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले.

त्यानंतरची चार-पाच वर्षे झिकोची सर्वांत भराची. फ्लामेंगोने १९८०, १९८२ आणि १९८३ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. १९८१ मध्ये क्लब पहिल्यांदाच दक्षिण अमेरिकेच्या लिबर्टाडोरेस चषकाच्या अंतिम फेरीत गेला. समोर चिलीचा कोब्रेलोआ होता. मराकानावर २-१ असा विजय, सांतियागोत धसमुसळ्या सामन्यात ०-१ असा पराभव, आणि मग त्रयस्थ ठिकाणी, उरुग्वेच्या मोंतेविदिओत, निर्णायक लढत. फ्लामेंगो २-० ने जिंकला. त्या अंतिम फेरीतले फ्लामेंगोचे चारही गोल झिकोचे होते आणि चौथा अर्थातच फ्री किकवरचा.

१३ डिसेंबर १९८१ रोजी टोकियोत युरोपीय विजेत्या लिव्हरपूलशी गाठ पडली. लिव्हरपूल तेव्हा युरोपातला सर्वांत दबदब्याचा संघ. बाराव्या-तेराव्या मिनिटाला झिकोने बचावफळीच्या डोक्यावरून चेंडू अलगद उचलून टाकला आणि त्यावर नुनेसने गोल केला. दुसऱ्या वेळी झिकोची फ्री किक गोलरक्षक ग्रोबेलारच्या हातून सुटली आणि आदिलिओने ती आत ढकलली. मध्यंतराआधीच त्याच्या आणखी एका पासवर नुनेसने तिसरा गोल केला. ३-०. झिकोने स्वतः एकही गोल केला नाही, तरी सामन्याचा मानकरी तोच ठरला. आक्रमक मध्यरक्षक म्हणजे काय हे कोणाला दाखवायचे असेल तर या सामन्याचा पूर्वार्ध पुरेसा आहे.

१९८२ च्या स्पेनमधल्या विश्वचषकात प्रशिक्षक तेले सांताना यांच्या संघात झिको, सोक्रेटिस, फाल्काओ आणि तोनिन्यो सेरेझो हे चार असामान्य मध्यरक्षक एकत्र आले. चौघेही जागा सोडून मनसोक्त फिरत, एकमेकांची कामे करत आणि चेंडू स्वतःकडे फार वेळ ठेवत नसत. डाव्या बाजूला तोफेसारखा डावा पाय असलेला एडेर होता. उजव्या कडेला मात्र हक्काचा खेळाडूच नव्हता, कारण चौघांना सामावून घेताना ती जागा रिकामी सोडावी लागली होती. उजवा बचावपटू लेआंद्रो पळत वर येऊन ती भरून काढी आणि त्यामुळे त्याची मूळ जागा उघडी पडे. या संघाचे सौंदर्य आणि कच्चा दुवा दोन्ही याच मांडणीत होते.

सोव्हिएत संघाला २-१ ने हरवल्यावर सेव्हिलात स्कॉटलंडने पहिला गोल करून ब्राझीलला डिवचले. झिकोने पंचवीसेक मीटरवरून फ्री किक वरच्या कोपऱ्यात पोहोचवली. स्कॉटलंडचा गोलरक्षक जागचा हलला नाही, नुसता बघत राहिला. तो सामना ४-१ असा सुटला. न्यूझीलंडविरुद्ध लेआंद्रोच्या क्रॉसवर झिकोने हवेत आडवे होत कात्रीसारखे पाय चालवून गोल केला. दुसऱ्या फेरीत बार्सिलोनाच्या सारिया मैदानावर अर्जेंटिनाला ३-१ ने नमवले, त्यात पहिला गोल झिकोचा. वैतागलेल्या मॅराडोनाला त्या सामन्यात लाल कार्ड मिळाले.

५ जुलै १९८२ रोजी त्याच मैदानावर इटलीशी सामना होता. उपांत्य फेरीसाठी ब्राझीलला बरोबरीही चालणार होती. इटलीने झिकोवर क्लाउदिओ जेंतिलेला सोडले. इटलीच्या आधीच्या सामन्यात मॅराडोनाला जखडून ठेवणारा तो हाच. जेंतिले झिकोला इतका चिकटून राहिला की खेचाखेचीत झिकोची जर्सी बगलेपासून फाटली. तरीही बाराव्या मिनिटाला झिकोने एका वळणात जेंतिलेला मागे टाकले आणि दोन बचावपटूंच्या फटीतून सोक्रेटिसच्या धावेत चेंडू सरकवला आणि इटलीने आधी केलेल्या गोलाची फेड झाली. १-१. पाओलो रोसीने दुसरा गोल केला तो सेरेझोच्या निष्काळजी आडव्या पासवर. फाल्काओने पुन्हा बरोबरी साधली तेव्हा सामना संपायला वीसेक मिनिटे उरली होती. बरोबरी जपून बसणे या संघाच्या स्वभावात नव्हते. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरनंतरच्या गोंधळात रोसीने तिसरा गोल केला आणि इटली ३-२ ने जिंकली, पुढे विश्वविजेतीही झाली. ब्राझीलने त्या दिवशी खेळ बदलायला हवा होता, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण बचाव करायचे ठरवले असते तर हा संघ ते कितपत जमवू शकला असता याचीही शंकाच आहे. हा पराभव ब्राझीलच्या फुटबॉलला पुढची कित्येक वर्षे पुरला. सुंदर खेळून हरण्यापेक्षा कडक खेळून जिंकावे, हा विचार तिथे बळावला तो यानंतर.

१९८३ च्या उन्हाळ्यात झिको इटलीतल्या उदिनेझे क्लबमध्ये गेला. उदिने हे ईशान्य कोपऱ्यातल्या फ्रिउली प्रांताचे शहर. १९७६ च्या भीषण भूकंपातून हा प्रांत नुकता सावरत होता, आणि क्लब कधीच बड्यांत नव्हता. एवढ्या मोठ्या रकमेच्या व्यवहाराला इटलीच्या फुटबॉल महासंघाने आधी परवानगी नाकारली. उदिनेत लोक रस्त्यावर उतरले. ‘झिको द्या, नाहीतर आम्ही ऑस्ट्रियात जातो’ अशा अर्थाचे फलक झळकले. एकेकाळी हा प्रदेश ऑस्ट्रियाच्याच ताब्यात होता, हा त्यातला टोमणा. बंदी उठली. पहिल्याच लीग सामन्यात उदिनेझेने जेनोआला त्यांच्याच घरी ५-० ने धूळ चारली, दोन गोल झिकोचे. त्या मोसमात त्याने लीगमध्ये १९ गोल केले. युव्हेंट्सच्या प्लातिनीचे २० झाले, पण झिको त्याच्यापेक्षा कमी सामने खेळला होता. ‘वर्ल्ड सॉकर’ मासिकाने १९८३ चा सर्वोत्तम खेळाडू म्हणून झिकोचीच निवड केली. संघ मात्र मधल्या क्रमांकांतच घुटमळला. दुसरा मोसम दुखापतींत आणि बंदीत वाया गेला. त्यात करचुकवेगिरीचा खटला मागे लागला, ज्यातून तो पुढे निर्दोष सुटला. १९८५ मध्ये तो फ्लामेंगोत परतला.

परतल्यावर थोड्याच आठवड्यांत, ऑगस्ट १९८५ मध्ये, बांगू क्लबविरुद्धच्या सामन्यात एका बचावपटूने दोन्ही पायांनी घेतलेल्या झेपेत त्याचा गुडघा निकामी झाला. शस्त्रक्रिया झाल्या, महिनोन्‌महिने व्यायाम झाला. १९८६ च्या मेक्सिको विश्वचषकाला तो गेला तो अर्धवट बऱ्या पायाने आणि सांताना यांच्या आग्रहाने. २१ जून रोजी ग्वादालाहारात फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात १-१ असे असताना सत्तरीच्या मिनिटांत त्याला मैदानात पाठवले. आल्या आल्या त्याने ब्रांकोच्या धावेत चेंडू सोडला. गोलरक्षक बात्सने ब्रांकोला पाडले आणि पंचांनी पेनल्टी दिली. नुकताच उतरलेला, अंग पुरते न तापलेला झिको ती घ्यायला पुढे झाला आणि बात्सने ती अडवली. नंतरच्या पेनल्टी शूटआउटमध्ये झिकोने आपली पेनल्टी अचूक मारली. चुकले ते सोक्रेटिस आणि झुलिओ सीझर. फ्रान्सकडून खुद्द प्लातिनीही चुकला. फ्रान्स ४-३ ने पुढे गेला. लोकांच्या लक्षात मात्र झिकोची अडवलेली पेनल्टी राहिली आणि ती मिळवून देणारा पास विस्मरणात गेला.

गुडघा पूर्वीसारखा कधीच झाला नाही, पण त्याच गुडघ्यानिशी तो १९८७ ची कोपा उनियाँव स्पर्धा जिंकणाऱ्या फ्लामेंगो संघात होता. त्या वर्षीचा खरा राष्ट्रीय विजेता फ्लामेंगो की रेसिफेचा स्पोर्ट क्लब, हे भांडण कोर्टात गेले, निकाल स्पोर्टच्या बाजूने लागला, तरी रिओत अजून ते कोणी मनापासून मानत नाही. डिसेंबर १९८९ मध्ये फ्लुमिनेन्सेविरुद्ध तो फ्लामेंगोकडून शेवटचा अधिकृत सामना खेळला. फ्लामेंगो ५-० ने जिंकला आणि झिकोने फ्री किकवर गोल केला.

१९९० मध्ये राष्ट्राध्यक्ष फर्नांदो कोलोर यांनी त्याला क्रीडा खात्याचा प्रमुख नेमले. तेव्हा ब्राझीलमध्ये करार संपला तरी खेळाडूवरचा हक्क क्लबकडेच राही. क्लबने सोडल्याखेरीज खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. ही वेठ सैल करावी, क्लबांना कंपन्यांसारखा कारभार करता यावा, यासाठी झिकोने कायद्याचा मसुदा मांडला. तो स्वतः वर्षभरातच पदावरून दूर झाला, पण १९९३ मध्ये संमत झालेला कायदा ‘झिको कायदा’ म्हणूनच ओळखला गेला. संसदेत त्यातल्या कित्येक तरतुदी बोथट झाल्या होत्या. खेळाडूंची पूर्ण सुटका झाली ती १९९८ च्या ‘पेले कायद्या’ने.

राजकारणातून बाहेर पडलेला झिको १९९१ मध्ये जपानला गेला, तेही काशिमा या लहानशा औद्योगिक गावातल्या सुमितोमो पोलाद कारखान्याच्या संघात. संघ दुसऱ्या श्रेणीत खेळे. जपानमध्ये व्यावसायिक लीग सुरू होणार होती आणि तिच्यात शिरण्यासाठी छप्पर असलेले पंधरा हजार आसनांचे स्टेडियम हवे होते. एवढ्याशा गावाला ते जमणार नाही, असेच लीगच्या धुरिणांना वाटत होते. काशिमाने स्टेडियम बांधले. झिकोने पहिल्या मोसमात दुसऱ्या श्रेणीत २१ गोल केले, तेही अडतिशीच्या वयात. पण त्याचे खरे काम मैदानाबाहेर होते. कारखान्यातली पाळी सांभाळून हौसेने खेळणाऱ्यांना त्याने सरावाची वेळ, जेवण, विश्रांती, बुटांची निगा इथपासून धंदेवाईक शिस्त शिकवली. हरल्यावर हसत बाहेर पडणे त्याला खपत नसे.

मे १९९३ मध्ये जे-लीगच्या पहिल्याच सामन्यात काशिमा अँटलर्सने नागोयाचा ५-० असा फडशा पाडला. नागोयाच्या संघात इंग्लंडचा गॅरी लिनेकर होता. चाळिशी ओलांडलेल्या झिकोने तीन गोल केले. लीगमधली ती पहिली हॅट्‌ट्रिक. काशिमाने त्या मोसमाचा पहिला टप्पा जिंकला. जानेवारी १९९४ मधल्या अंतिम लढतीत मात्र प्रतिस्पर्ध्यांना पेनल्टी मिळाल्याच्या रागात झिको चेंडूवर थुंकला आणि मैदानाबाहेर काढला गेला. जपानी लोकांनी हे पोटात घातले. त्यांच्या लेखी तो ‘फुटबॉलचा देव’ होता. १९९४ मध्ये त्याने खेळणे थांबवले, पण सल्लागार म्हणून संबंध ठेवला. काही काळ भाऊ एडूच काशिमाचा प्रशिक्षक होता. निष्ठा, प्रामाणिकपणा, आदर ही झिकोची त्रिसूत्री क्लबमध्ये आजही नव्या खेळाडूला सांगितली जाते. २०१६ पर्यंत या क्लबने आठ वेळा जे-लीग जिंकली. टोकियो, ओसाका, योकोहामा यांसारख्या महानगरांच्या क्लबांना हे साधलेले नाही.

२००२ मध्ये तो जपानच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक झाला. २००४ मध्ये बीजिंगमध्ये यजमान चीनला ३-१ ने हरवून जपानने आशिया चषक राखला. २००६ च्या विश्वचषकात मात्र ऑस्ट्रेलियाविरुद्ध शेवटच्या काही मिनिटांपर्यंत आघाडीवर असलेला संघ ३-१ ने हरला आणि ब्राझीलकडून ४-१ अशी हार खाऊन परतला. प्रशिक्षक म्हणून झिको खेळाडूंना मोकळीक देणारा होता. जिथे खेळाडू स्वतः विचार करणारे होते तिथे हे चालले, जिथे त्यांना काटेकोर आखणी हवी होती तिथे नाही. इस्तंबूलच्या फेनेरबाचेला त्याने २००७ मध्ये लीग जिंकून दिली आणि पुढच्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत नेले. त्याची ही सर्वांत यशस्वी कारकीर्द. उझबेकिस्तान, रशिया, ग्रीस, इराक, कतार हे नंतरचे मुक्काम थोड्या थोड्या काळाचे.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाने झिकोला प्रशिक्षक नेमले. पोर्तुगीज वडिलांचा हा ब्राझिलियन मुलगा मडगावच्या फातोर्डा मैदानावर तीन मोसम उभा राहिला. त्याच्या संघात फ्रान्सचा विश्वविजेता रॉबेर पिरेस होता, तसेच मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस हे गोव्याचे तरुण होते. रोमिओ २०१५ मध्ये ब्राझीलच्या अतलेतिको पारानाएन्से क्लबमध्ये खेळायला गेला. पहिल्या वर्षी गोवा उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टींवर हरला. दुसऱ्या वर्षी संघ साखळीत अव्वल राहिला. त्या मोसमात मुंबई सिटीला ७-० असा मार बसला, ज्यात डुडू आणि हाओकिप या दोघांच्या हॅट्‌ट्रिक होत्या. २० डिसेंबर २०१५ चा चेन्नईयिनविरुद्धचा अंतिम सामना फातोर्डावरच होता. ८७ व्या मिनिटाला गोवा २-१ असा पुढे गेला आणि घरच्या प्रेक्षकांनी चषक हातात आल्याचे धरले. मग नव्वदाव्या मिनिटाला गोलरक्षक कट्टीमनीकडून स्वयंगोल झाला आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने चेन्नईयिनचा विजयी गोल केला. तिसऱ्या मोसमात संघ तळाला गेला आणि करार पुढे वाढला नाही. तोवर बचाव सोडून पुढे धावणारा, गोल करणारा आणि गोल खाणारा संघ अशी एफसी गोवाची ओळख झाली होती. सांतानांच्या तालमीत वाढलेल्या माणसाकडून वेगळे काही होण्याचा संभव नव्हता.

मधल्या काळात, २०१५ मध्ये, झिकोने फिफाच्या अध्यक्षपदासाठी उभे राहण्याची तयारी केली होती. त्यासाठी पाच देशांच्या संघटनांचा लेखी पाठिंबा लागतो. तो न जुळल्याने उमेदवारी झालीच नाही. २०१८ मध्ये तो तांत्रिक संचालक म्हणून काशिमाला परतला. त्याच वर्षी क्लबने तोवर हुलकावणी देत आलेली आशियाई चॅम्पियन्स लीग पहिल्यांदा जिंकली. रिओत त्याने १९९० च्या दशकात सुरू केलेले प्रशिक्षण केंद्र आहे, आणि वर्षअखेरीस जुन्या-नव्या खेळाडूंना जमवून तो मदतनिधीसाठी एक सामना भरवतो. बहुतेक वेळा हा सामना मराकानावर होतो आणि सत्तरी गाठलेला झिको त्यात थोडा वेळ स्वतःही खेळतो.